मॅग्नेटखाली कोणी उभं राहू नये

“ही खुर्ची लोखंडी आहे का?” मृणाल मॅडमनी विचारलं.

दयाराम गार्ड उठला. ज्या खुर्चीवर तो संस्था उघडल्यापासून बसत होता तिच्याकडे त्यानं पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं, वाकून तिच्या पायावर टिचकी मारली आणि छत्तीसगढीत सांगितलं, “हव मैडम, लोहा के हे. फेर मोर नोहे, संस्था के हे.”

“उद्यापासून प्लॅस्टिकची घ्या.”

आम्रपाली वासनिक मॅडमच्या मागे उभी होती. हातात मोबाइलएवढा चुंबकमापक. तिनं तो खुर्चीजवळ नेला. आकडा हलला, पण कुणी ओळखीचं दिसल्यावर मान हलवावी तेवढाच.

“मॅम, यह नहीं है,” ती म्हणाली. मॅडम पुण्याच्या आणि आम्रपाली भिलाईची. एकमेकींची मराठी दोघींना कळायची, पण कामाचं बोलताना आम्रपाली हिंदीवर यायची. मराठी तिच्यासाठी घरी चपला काढल्यावर बोलायची भाषा होती.

“नसेल. पण संशयाला जागा नको.”

संशयाला जागा नको म्हणून आतापर्यंत इमारतीची लिफ्ट बंद ठेवून झाली होती. गुडघे दुखणारे एक प्राध्यापक त्या काळात तळमजल्यावरच्या जिन्याखाली शिकवत होते आणि तिथं हजेरी वाढली होती. कँटीनचा मायक्रोवेव्ह बंद झाला, तेव्हा लोकांनी थंड समोसे खाल्ले आणि विज्ञानाला नावं ठेवली. पाण्याचा पंप, शेजारच्या विभागाचं कपाट, झाडूवाल्या कांताबाईंची बादली, सगळ्यांची चौकशी झाली. बादली निर्दोष सुटली. आम्रपालीच्या चुंबकी प्रयोगाच्या आलेखात फरक पडला नाही.

तो आलेख असा होता. सकाळपासून रेघ सरळ चालायची. जेवणाच्या वेळेला ती हळूच एक पायरी चढायची, वर जाऊन पसरायची आणि चहाच्या सुमाराला उठून खाली यायची. जेवून वामकुक्षी घेतल्यासारखी. रविवारी ती चढत नसे.

“रविवारी नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “म्हणजे व्यत्यय सरकारी आहे.”

आता हसण्याची वेळ गेली होती. ज्या हिऱ्यावर हे सगळं चाललं होतं तो संस्थेचा नव्हता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं उसना दिला होता आणि शनिवारी तो परत जायचा होता. आज बुधवार. इमारत चालू असताना दिवसभर न हललेली एक रेघ मिळाली (रविवारची, रिकाम्या इमारतीतली, कुणी धरत नसे) तर आम्रपालीचा प्रबंध पुरा होणार होता. नाही मिळाली, तर पुढचा हिरा कधी येईल ते देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

हिरा म्हणजे तांदळाच्या कणीएवढी काचेसारखी चकती. तिच्यावर आम्रपालीनं खांब कोरले होते. इलेक्ट्रॉनच्या झोतानं नक्षी आखायची, जिथं खांब हवेत तिथं झाकण ठेवायचं आणि उरलेला हिरा ऑक्सिजनच्या तापल्या वायूला खाऊ घालायचा. वायू खाऊन निघून जातो, खांब उरतात. केसाच्या कापल्या टोकावर हजारएक मावतील असे. प्रत्येक खांबात नशिबानं एखादा दोष असतो: कार्बनच्या जागी घुसलेला नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला लागून एक रिकामी जागा. हिरवा उजेड टाकला की तो दोष लाल चमकतो, आणि जवळपास चुंबकाचा मागमूस जरी आला तरी त्याच्या चमकण्याची चाल बदलते. सराफ ज्याला दोष म्हणून हिरा परत करेल, त्या दोषाच्या शोधात आम्रपालीची पाच वर्षं गेली होती.

भिलाईजवळच्या उतईत, तिच्या घराकडे, मात्र “वासनिकची पोरगी हिरे बनवते” एवढंच पोचलं होतं. शेजारच्या सिंधुताई मोत्याची नथ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “माय, यातला मोती काढ आन् एक बारकासा बसवून दे. खराब झालेलाच दे, मी काही मोठा नाही मागून राहिली.” आम्रपालीनं समजावलं की तिचे हिऱ्याचे खांब डोळ्यांना दिसत नाहीत. सिंधुताईंनी नथ गुंडाळून कनवटीला लावली आणि जाता जाता आम्रपालीच्या आईला सांगितलं की शिकली की पोरं अशीच बोलतात.

आम्रपालीची आई शेवंता हिरा-चुंबकाच्या भानगडीत पडत नसे. तिच्या घरात एक चुंबकवाला आधीच होता.

आम्रपालीचे वडील कवडू वासनिक भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मॅग्नेट क्रेन चालवत. यार्डाच्या वर रुळांवर धावणारी क्रेन, तिच्या पोटाला टांगलेली खोली, आणि खोलीत कवडू. खाली लोखंडी साखळ्यांना बैलगाडीच्या चाकाहून मोठा मॅग्नेट. वीज सोडली की लोखंड उडून चिकटायचं, वीज तोडली की धाडकन सुटायचं. यार्डात आवाज एवढा की कुणी कुणाशी बोलत नसे. खालचा माणूस हातानं सांगायचा आणि वरचा ऐकायचा. बोट खाली करून गोल फिरवलं की उतरव. तळहात आडवा हलवला की थांब. दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंफले की काम झालं, क्रेन मोकळी. तो शेवटचा सिग्नल मिळेपर्यंत क्रेनवाल्यानं जागा सोडायची नाही. आणि क्रेन हलायच्या आधी घंटा: टण्.

निवृत्त झाल्यावर सेक्टर दोनचा क्वार्टर सोडून ते उतईत स्वतःच्या घरी आले तेव्हा कवडूंनी प्लांटमधून एकच गोष्ट मागून आणली. रंगवायला काढलेली जुनी पाटी: ‘चुम्बक के नीचे खड़ा होना मना है’. ती त्यांनी बैठकीत, बाबासाहेबांच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर, पंख्याच्या बाजूला लावली. पाहुणे ती वाचायचे आणि खुर्ची थोडी सरकवून बसायचे.

जमिनीवर कसं जगायचं ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खुर्चीवरून उठायच्या आधी ते तोंडानं हळूच “टण्” म्हणायचे. बाजारात निघताना “टण्”. एकदा ते शेजाऱ्याच्या मयतीला गेले होते. तिथं उठताना म्हणाले, आणि चार माणसांनी वळून तिरडीकडे पाहिलं. बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही असं नाही, पण पोचायचं नाही. शेवंताबाई “मीठ द्या” म्हणून थकायची आणि शेवटी चिमूट दाखवायची. मग मीठ यायचं.

एक काम त्यांनी स्वतःहून धरलं होतं. दुपारी लेकीचा डबा पोचवणं. “कँटीनची दाल मी पाह्यली,” ते म्हणाले होते. “तिच्यात तळ दिसते.” रोज जुन्या स्कूटरवर डबा घेऊन जायचे, दयारामकडे द्यायचे आणि घरी परत यायचे. निदान आम्रपालीची तशी समजूत होती.

गुरुवारी दयाराम प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला आणि रेघ वेळेवर चढली.

आम्रपाली चुंबकमापक घेऊन उठली. आत सगळं पाहून झालं होतं, म्हणून ती इमारतीच्या बाहेरून भिंतीच्या कडेनं चालत निघाली. मागच्या बाजूला कुणी जात नसे. तिथं एसीचं पाणी टपकायचं आणि त्या ओलीवर थोडं गवत उगवलं होतं. तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीपाशी येताच आकडा धावत सुटला.

भिंतीला टेकवून स्कूटर उभी होती. स्कूटरच्या सावलीत पोतं अंथरून कवडू बसले होते. एक कान भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले.

“बाबा?”

डोळे उघडले. “झाला का डब्बा खाऊन?”

“तुमी इथं काय करून राहिले?”

“बसून राहिलो.”

“रोज?”

“रोज नाही. इतवारी नाही येत.”

“कावून?”

“इतवारी तू घरी रायते ना.”

आम्रपालीनं स्कूटरकडे पाहिलं, मग भिंतीकडे. “आन् कान कावून लावला?”

“दयाराम बोलला, तुझी मशीन याच भिंतीच्या मांगं हाय. आवाज येते का पाहून राहिलो होतो. आमचा मॅग्नेट हूं हूं करे. दुरून समजे का चालू हाय. तुझा काहीच नाही करत.”

“माझा मॅग्नेट नाही बाबा. सेन्सर हाय. तो फक्त ऐकते.”

“चुप रायते आन् ऐकते?”

“हो.”

“बरं हाय,” कवडू म्हणाले. “तुह्या मायची आन् त्याची भेट घालून दे एकदा.”

ती हसली. हसता हसता तिनं चुंबकमापक स्कूटरजवळ नेला, आकडा बघितला, लांब नेला, पुन्हा बघितला. महिनाभर जो चोर शोधत होती तो सापडला होता. छातीत आनंदाची एक उबळ आली. तिनं समोर बघितलं. चोर पोत्यावरची मुंगी झटकत होता.

तिनं चुंबकमापक बंद केला. आत गेली.

“मॅम, मिल गया. स्कूटर है. दीवार के पीछे.”

मृणाल मॅडमनी टेबलावर हात आपटला. “कोणाची?”

“विजिटर की,” आम्रपाली म्हणाली.

“उद्या ती तिथं दिसता कामा नये. उद्या शेवटचा दिवस. सिक्युरिटीला सांगून उचलून टाकू का?”

“नहीं मॅम. मैं बोल दूँगी.”

बोलायचं कसं हा प्रश्न उतईपर्यंत बसमध्ये तिच्या शेजारी बसून आला. जेवताना तिनं सुरुवात केली. आधी हिरा, मग खांब, मग रेघ. कवडूंनी वांग्याची भाजी पुन्हा घेतली. मग ती म्हणाली, “तर बाबा, ती लाइन जे रोज चढते, ते तुमच्या स्कूटरनं चढते.”

कवडूंचा घास हातातच राहिला. “माह्या?”

“हो.”

“भिंतीच्या पल्याडून?”

“हो.”

चेहऱ्यावर हळूहळू अभिमान पसरला. “म्हणजे इतकी ताकद हाय तिच्यात.”

“पुलावर चढत नाही ती,” शेवंताबाई म्हणाली. “मागच्या हप्त्यात मी उतरून ढकलली.”

“ते इंजन. हे बॉडीचं चालू हाय.” मग ते थांबले. अभिमान आला तसा परत गेला. त्यांनी पाटीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. “तुझं काम बिघडते का त्यानं?”

“हो बाबा.”

“पुरं?”

“पुरं.”

कवडूंनी घास ताटात ठेवला. “म्हणजे मी मॅग्नेटखाली उभा होतो.”

“असं नाही बाबा…”

“असंच हाय. जिंदगीभर लोकाले हाकललं तिथून. घंटी मारू मारू हाकललं. एक ठेकेदार होता, तो बिडी प्याले तिथंच उभा राहे. मी त्याले किती शिव्या देल्या.” त्यांनी ताट पुढे सरकवलं. “आता मी त्याच्या लाइनीत गेलो.”

“उद्या डब्बा नका आणू. एक दिवस मी कँटीनमध्ये जेवीन.”

शेवंताबाईनं भाताचा चमचा भांड्यात ठेवला. भांड्याचा आवाज झाला. आम्रपालीला कळलं की आपण डब्याबद्दल नाही, बाबांच्या येण्याबद्दल बोललो आहोत. उद्याचा एक दिवस गेला की परवा हिरा जाईल, मग डब्याचं काहीच अडत नाही. पण जे एकदा थांबतं ते थांबूनच राहतं, हे क्रेनवाल्याला सांगावं लागत नाही.

“किती दूर पायजे?” कवडूंनी विचारलं.

“काय?”

“मी किती दूर उभा राहू, ते सांग. स्कूटर गेटवर ठेवतो, दयारामजवळ. मैदानाच्या त्या कोन्यात बाभूळ हाय. तिथं उभा राहीन. तू मांगच्या दारातून सिग्नल दे. येतात का तुले अजून?”

आम्रपाली लहानपणी सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये पाळण्यातल्या भावाला ‘उतरव, उतरव’ करत हे हात खेळली होती. भाऊ बदलीवर रायपूरला गेला, हात राहिले. तिनं बोट खाली करून फिरवलं. कवडूंनी पाण्याचा तांब्या वरून सावकाश खाली आणला आणि ताटाशेजारी टेकवला. एक थेंब सांडला नाही.

“लोड खाली आला,” ते म्हणाले. “आता?”

तिनं दोन्ही हात गुंफले.

“टण्,” म्हणून कवडू हात धुवायला उठले.

“एक नवरा मिळाला,” शेवंताबाई भिंतीला म्हणाली, “तोही घंटीवाला.”

शुक्रवारी सकाळी आम्रपालीनं हिरवा उजेड सोडला. पडद्यावर रेघ निघाली. मृणाल मॅडम खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या आणि उठल्याच नाहीत. जेवणाची वेळ जवळ आली तशा दोघी पडद्याकडे वाकल्या.

वेळ झाली. आम्रपाली मागच्या दाराशी गेली.

मैदानाच्या पलीकडे, बाभळीखाली, कवडू उभे होते. ताठ. आम्रपालीनं फक्त स्कूटर म्हटलं होतं. कवडूंनी मात्र काही शिल्लक ठेवलं नव्हतं. पट्ट्याचं बक्कल लोखंडी, म्हणून पट्टा गेटवर. घड्याळ गेटवर. चाव्या, सुटे पैसे, देवळातून कुणीतरी दिलेलं म्हणून कधी न वापरलेलं पण खिशात असलेलं कडं, सगळं दयारामच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडून ठेवलं होतं, आणि दयाराम त्याशेजारी उभा राहून पहारा देत होता. स्टीलच्या डब्याऐवजी आइस्क्रीमचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा होता, त्यात पोळ्या गोल वळून कोंबलेल्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पँट धरलेली.

तिनं बोट खाली करून फिरवलं.

ते दोन पावलं पुढे आले, डबा उंच धरला, आणि गटाराच्या कट्ट्यावर तसाच सावकाश उतरवला. मग मागे सरकत बाभळीखाली गेले. क्रेनवाला लोडला पाठ दाखवत नाही.

आम्रपाली धावत गेली, डबा घेतला, दारापर्यंत आली. हात गुंफायला डबा खाली ठेवणार एवढ्यात आतून मॅडमचा आवाज आला. “आम्रपाली! आम्रपाली, इकडे ये, बघ ही!”

डबा दाराशीच ठेवून ती आत पळाली.

रेघ सरळ होती. जिथं रोज पायरी असायची तिथून ती चालत पुढे गेली होती, काहीच झालं नसल्यासारखी. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. चहाची वेळ झाली. उतरायला काही चढलंच नव्हतं. मॅडमनी आम्रपालीच्या खांद्यावर हात ठेवला, जे त्यांनी पाच वर्षांत केलं नव्हतं, आणि लगेच काढून घेतला.

“आता घाई नको,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत चालू दे. आधीचे सगळे दिवस फेकून दे, हा एकच पुरे. आणि प्रबंधात एक ओळ टाक: ‘बाह्य लोखंडी वस्तूचा व्यत्यय दूर करण्यात आला.’”

आम्रपालीनं ओळ टंकली. वाचली. व्याकरणाच्या दृष्टीनं तीत काही चूक नव्हती. मग तिनं आधीच्या दिवसांचे आलेख एकेक करून उघडले. सोमवार. मंगळवार. बुधवार. प्रत्येकात पायरी होती. जेवणाच्या वेळेला येऊन बसणारी, चहाला उठणारी. रविवार तेवढा सपाट होता. आजचा आलेख शेजारी ठेवला तर रविवार आणि शुक्रवार वेगळे ओळखू येत नव्हते.

तिनं आजचा दिवस जतन केला. बाकीचे फेकायला सांगितले होते. ते तिनं आज फेकले नाहीत.

यंत्र बंद केलं तेव्हा उजेड मावळायला आला होता. दाराशी ठेवलेला डबा तसाच होता. तो उचलून ती बाहेर आली तर दयाराम इमारतीला वळसा घालून तिच्याकडेच येत होता. हातात पट्टा, घड्याळ, चाव्या, सुटे पैसे आणि कडं.

“मैडम, मोर ड्यूटी खतम होगे,” तो म्हणाला. “ए सामान कोन ला देवंव? तोर बाबू ला मैं कहेंव, घर जा. नइ जावय. कहिथे, सिगनल नइ मिले हे.”

आम्रपालीनं मैदानाच्या पलीकडे पाहिलं.

बाभळीची सावली केव्हाच तिच्या बुंध्यापासून निघून लांब गेली होती. सावली सोडून गेली तरी कवडू मूळ जागेवरच होते. एक हात पँटवर, नजर दारावर. बसले नव्हते. तोल एका पायावरून दुसऱ्यावर घेत होते, पण तेही लोड हलू नये अशा बेतानं.

तिनं डबा दयारामच्या हातात दिला. पायऱ्यांवर सगळ्यात पुढे येऊन उभी राहिली, जिथून पूर्ण दिसेल अशी, आणि दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंफले. घट्ट. बराच वेळ तसेच ठेवले.

कवडूंनी मान हलवली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वाटेत कुणी उभं नव्हतं. मग एवढ्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं, पण तिला ओठ हललेले दिसले.

टण्.

आणि पँट सावरत ते मैदानाच्या कडेकडेनं, भिंतीपासून लांबच्या वाटेनं, स्कूटरकडे चालू लागले.